मंदिर-चर्चचं सदस्यत्व नसेल तर अमेरिकी राज्यघटना तुमचा धर्म मानते का?

निर्झर:

अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत धर्माविषयीचा मजकूर मूळ इंग्रजीत अवघ्या १६ शब्दांचा आहे. सरकारने कोणताही धर्म प्रस्थापित करायचा नाही आणि कुणाच्या धर्माचरणाला मनाई करायची नाही, एवढंच. १७९१ पासून हे कलम लागू आहे. पण हे स्वातंत्र्य माणसाचं की पंथाचं, याचा त्यात खुलासा नाही.

समजा एखादी व्यक्ती कुठल्याही चर्चची, मंदिराची किंवा सिनेगॉगची सभासद नाही. वर्गणी नाही, कुठल्या यादीत नाव नाही. घरच्या घरी, स्वतःला पटेल तसा धर्म पाळते. "धार्मिक कारणासाठी अमुक दिवशी काम करणार नाही" असं तिने म्हटलं तर त्याला कायद्यात काही वजन आहे का? त्याच धर्माची इतर माणसं त्या दिवशी बिनदिक्कत काम करत असतील तर? धर्म नुकताच बदलला असेल तर? आणि धर्म सोडूनच दिला असेल तर त्या माणसाला काय संरक्षण? एचआरवाले धर्मगुरूंचं पत्र आणा म्हणतात, ते आणावंच लागतं का?

खटल्यांच्या आणि कार्यपद्धतीच्या आधारे उत्तरं मिळाली तर हवी आहेत.

---

उत्तरायण:

तुमच्या पहिल्या तीन प्रश्नांवर सुप्रीम कोर्टाचे तीन स्वतंत्र निकाल आहेत आणि तिन्ही माणसाच्या बाजूने लागले आहेत. तिन्ही बेकारी भत्त्याचे खटले आहेत: धार्मिक कारणाने काम नाकारलं, राज्याने भत्ता नाकारला, माणूस कोर्टात गेला.

सर्वांत महत्त्वाचा १९८१ चा थॉमस विरुद्ध रिव्ह्यू बोर्ड. थॉमस हा यहोवाज विटनेस पंथाचा कामगार इंडियानातल्या एका फाउंड्रीत पोलादी पत्र्यांच्या विभागात होता. तो विभाग बंद झाला आणि त्याची बदली रणगाड्यांचे टरेट (तोफेचे फिरते घुमट) बनवणाऱ्या विभागात झाली. उरलेले सगळे विभाग शस्त्रनिर्मितीतलेच होते, म्हणून त्याने नोकरी सोडली. राज्याचा युक्तिवाद दोन मुद्द्यांवर उभा होता. एक, त्याच पंथाचा त्याचा एक सहकारी तेच काम करत होता आणि त्याला त्यात शास्त्रविरुद्ध काही वाटत नव्हतं. दोन, जे पोलाद पुढे रणगाड्यांत जाऊ शकतं ते तयार करायला आपली हरकत नाही, असं थॉमसने स्वतःच कबूल केलं होतं. मग टरेटलाच का अडायचं?

कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी थॉमसच्या बाजूने निकाल दिला. त्याने एक रेषा आखली आहे, ती वाजवी की अवाजवी हे ठरवणं आमचं काम नाही, असं कोर्ट म्हणालं. एकाच पंथाच्या दोन माणसांत मतभेद असू शकतात आणि त्यांपैकी शास्त्राचा अर्थ कुणाला बरोबर लागला याचा निवाडा न्यायाधीशांनी करायचा नाही. श्रद्धा इतरांना तर्कशुद्ध, सुसंगत किंवा समजण्याजोगी वाटली पाहिजे अशीही अट नाही. वैयक्तिक धार्मिक ओळखीबद्दलचा अमेरिकेतला बहुतेक कायदा या एका निकालावर उभा आहे, त्यामुळे तो मुळातून वाचावा असं मी आग्रहाने सांगेन.

१९८९ च्या फ्रेझी खटल्यात तुमचा पहिला प्रश्न जसाच्या तसा आला. फ्रेझी स्वतःला ख्रिश्चन म्हणवत होता, पण कुठल्या चर्चचा सभासद नव्हता आणि रविवारी काम न करण्याची शिकवण देणाऱ्या कुठल्या पंथाचं नावही सांगत नव्हता. इलिनॉय राज्याने त्यावर बोट ठेवलं. सुप्रीम कोर्टाने एकमताने ते खोडून काढलं. पंथाचा सभासद असलात तर प्रामाणिकपणा दाखवणं सोपं जातं, पण सभासदत्व ही अट होऊ शकत नाही.

१९८७ च्या हॉबी खटल्यात फ्लोरिडातल्या एका कर्मचारी स्त्रीने नोकरीला लागल्यानंतर सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ स्वीकारला आणि शनिवारी काम नाकारलं. "नोकरी घेतली तेव्हा ही अडचण नव्हती, ती तुम्हीच ओढवून घेतली" हा राज्याचा मुद्दा टिकला नाही. धर्म बदलणाऱ्याला जन्मापासून तो धर्म पाळणाऱ्यापेक्षा कमी संरक्षण देता येत नाही.

धर्म सोडलेल्यांसाठी १९६१ चा टॉर्कासो निकाल पाहा. मेरीलँडमध्ये नोटरी होण्यासाठी देवावर विश्वास असल्याचं जाहीर करावं लागे. कोर्टाने ती अट एकमताने रद्द केली. त्याआधी, १९४३ च्या बार्नेट खटल्यात, शाळेत झेंड्याला सलामी देण्याची सक्ती गेली होती.

मग कोर्ट तपासतं काय? श्रद्धा खरी की खोटी हे कधीच नाही. १९४४ च्या बॅलार्ड खटल्यापासून हा दरवाजा बंद आहे. तपासलं जातं ते एवढंच, की ती त्या माणसाची प्रामाणिक श्रद्धा आहे का, आणि ती धार्मिक आहे का.

प्रामाणिकपणात माणसं कुठे पडतात याचं ठळक उदाहरण म्हणजे दहाव्या सर्किटचा (सर्किट म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या खालचं विभागीय फेडरल अपील कोर्ट) २०१० चा क्वेंटन्स निकाल. गांजा हाच आमचा देव आणि प्रसाद, असा एका दांपत्याचा दावा होता. कोर्टाने श्रद्धेच्या विचित्रपणावर एक शब्द खर्च केला नाही. पाहिलं ते एवढंच: व्यवहार धंद्याचा दिसत होता आणि माल नेणाऱ्याला घाईघाईने पंथात घेतलेलं होतं. दावा फेटाळला गेला.

'धार्मिक' या कसोटीवरही दावे पडतात. सक्तीच्या लष्करभरतीतून सूट मागणाऱ्यांच्या सीगर (१९६५) आणि वेल्श (१९७०) खटल्यांत कोर्टाने व्याख्या बरीच सैल केली. श्रद्धाळू माणसाच्या आयुष्यात देवाचं जे स्थान असतं, तेच स्थान ज्या विचाराला असेल तोही चालेल, असं ठरलं. पण १९७२ च्या योडर खटल्यात, आमिश या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथातल्या मुलांना आठवीनंतर शाळेच्या सक्तीतून सोडवताना, कोर्टाने बजावलं की निव्वळ तात्त्विक किंवा वैयक्तिक जीवनशैलीची निवड पुरेशी नाही. खालच्या कोर्टांत तिसऱ्या सर्किटच्या १९८१ च्या आफ्रिका निकालातल्या खुणा अजून वापरल्या जातात: तो विचार जीवन-मरणाच्या मूलभूत प्रश्नांना भिडतो का, आयुष्याचा सगळा पसारा कवेत घेतो का, आणि त्याला विधी, सण, उपासना अशी बाह्य रूपं आहेत का. याच सर्किटने २०१७ च्या फॅलन खटल्यात फ्लूच्या लशीला नकार देणाऱ्या रुग्णालय कर्मचाऱ्याचा दावा फेटाळला. त्याचं म्हणणं मुळात लस अपायकारक आहे असं होतं, आणि ते मत वैद्यकीय ठरलं.

---

मृण्मयी_आर:

उत्तरायण यांनी सांगितलेलं सगळं सरकारविरुद्धच्या खटल्यांना लागू आहे. खाजगी कंपनीला पहिली दुरुस्ती बांधत नाही, आणि बहुतेकांची गल्लत नेमकी इथे होते. ऑफिसात "माझा घटनात्मक हक्क" म्हणून चालत नाही. तिथे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल सेव्हन लागतं. ते १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना लागू आहे. त्याहून लहान ठिकाणी राज्याचा कायदा पाहायचा. न्यू जर्सीत कर्मचाऱ्यांच्या संख्येची अटच नाही, कॅलिफोर्नियात ५ पासून पुढे.

१९७२ ला या कायद्यात धर्माची व्याख्या घातली गेली: श्रद्धा, तसंच धर्माचरणाच्या आणि उपासनेच्या सर्व बाजू. सामावून घेणं शक्य असेल तर मालकाने ते केलंच पाहिजे. अपवाद फक्त व्यवसायावर 'अवाजवी बोजा' पडत असेल तर.

हा बोजा किती, यावरच सगळी लढाई असते. १९७७ च्या हार्डिसन निकालातल्या एका वाक्याचा आधार घेऊन कोर्टं ४६ वर्षं मानत आली की किरकोळ खर्चापलीकडे काहीही म्हणजे बोजा. २९ जून २०२३ ला ग्रॉफ विरुद्ध डिजॉय खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने ते मोडलं. ग्रॉफ हा पेनसिल्व्हेनियातला टपाल कर्मचारी, रविवारी पार्सलं वाटायला त्याचा नकार होता. आता मालकाला दाखवावं लागतं की त्या विशिष्ट व्यवसायाचा आकार आणि खर्च पाहता बोजा भरीव आहे. सहकाऱ्यांना राग येतो, किंवा त्यांना तो धर्मच आवडत नाही, हे कारण बोज्यात धरता येत नाही. त्यामुळे २०२३ च्या आधीचे लेख वाचून कुणी "शिफ्ट बदलून मागता येत नाही" असं सांगितलं तर ती माहिती जुनी आहे.

आता प्रत्यक्ष अर्ज.

लेखी करा, आणि कारण धार्मिक आहे हे स्पष्ट लिहा. विशिष्ट शब्दांची सक्ती नाही, पण "वैयक्तिक कारण" किंवा "घरगुती कार्यक्रम" लिहिलंत तर पुढे मालक म्हणणार की आम्हाला धर्माचा पत्ताच नव्हता. २०१५ च्या ॲबरक्रॉम्बी निकालाने इथे थोडी मदत केली आहे. हिजाब घालून मुलाखतीला आलेल्या मुलीने सवलत मागितली नव्हती, पण ती धार्मिक कारणाने डोकं झाकते असा अंदाज बांधून तिला नाकारलं गेलं. तेवढं पुरे ठरलं. तरी मुद्दाम त्या भरवशावर राहू नये.

अर्जात तीनच गोष्टी लागतात: आचरण काय, कुठला नियम त्याच्या आड येतो, आणि काय बदल हवा. साधारण असं: "शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत काम न करणं हा माझ्या धार्मिक श्रद्धेचा भाग आहे. नव्या वेळापत्रकात मला शनिवारची पाळी दिली आहे. ती रविवारी हलवावी, किंवा स्वेच्छेने येणारा बदली कर्मचारी शोधण्याची मुभा द्यावी." बस. धर्मग्रंथांतले उतारे जोडू नका. माझ्या मते पानपानभर समर्थन लिहिणाऱ्यांचंच नुकसान जास्त होतं, कारण प्रत्येक जादा वाक्य म्हणजे विसंगती शोधायला दिलेली जागा.

धर्मगुरूंच्या पत्राचं: शंका घ्यायला वस्तुनिष्ठ आधार असेल तर मालक आणखी माहिती मागू शकतो, आणि तेव्हा सहकार्य न केल्यास दावा कमकुवत होतो. पण ती माहिती धर्मगुरूकडूनच यावी असं नाही. तुमचं स्वतःचं सविस्तर निवेदन चालतं, तुमचं आचरण जवळून पाहिलेल्या कुणाचंही चालतं. "पत्र आणा नाहीतर अर्ज रद्द" असं कळवलं तर वाद न घालता उत्तर लिहा की मी कुठल्या संस्थेचा सभासद नाही, त्याऐवजी हे निवेदन आणि हे साक्षीदार देत आहे. ते उत्तर आणि त्याची तारीख जपून ठेवा.

मागितलं तेच मिळेल असं नाही. १९८६ च्या फिलब्रुक खटल्यानुसार मालकाने एक वाजवी तोडगा दिला की त्याची जबाबदारी संपली. तुमच्या पसंतीचाच द्यावा हे बंधन नाही. दुसऱ्या कर्मचाऱ्यांची कराराने मिळालेली ज्येष्ठता मोडून तुम्हाला पाळी मिळणार नाही, हा हार्डिसनमधला भाग ग्रॉफनंतरही कायम आहे.

आणि मुदती. जिथे सगळ्यात जास्त दावे मरतात ती जागा हीच. समान रोजगार आयोगाकडे, म्हणजे ईईओसीकडे, तक्रार १८० दिवसांत. राज्यात तसाच कायदा राबवणारी यंत्रणा असेल तर ३०० दिवसांत. मोजणी नकार किंवा कारवाई कळल्या दिवसापासून सुरू होते. कंपनीतलं अंतर्गत अपील चालू आहे म्हणून घड्याळ थांबत नाही. पोर्टलवर केलेली 'चौकशी' म्हणजे तक्रार नव्हे. सही केलेला औपचारिक 'चार्ज' दाखल झाला तरच मुदत साधली. दावा लावण्याच्या हक्काचं पत्र आलं की कोर्टात जायला ९० दिवस. फेडरल सरकारी नोकरांचा मार्ग वेगळा आहे, त्यांनी आपल्या खात्याच्या समुपदेशकाला ४५ दिवसांत गाठायचं असतं.

---

निर्झर:

दोघांचेही आभार. पण उत्तरायण, यातून एक शंका उरते. कोर्ट तर्क विचारणार नाही, पंथ विचारणार नाही, तर मग प्रत्येक माणूस आपापल्या श्रद्धेने कुठल्याही कायद्यातून सुटू शकेल. तसं तर होताना दिसत नाही. अडवणूक कुठे होते?

---

सह्यकडा:

शंका रास्त आहे. वर प्रामाणिकपणाबद्दल जे आलं ते बिनचूक आहे, पण त्याने फक्त पहिलं दार उघडतं. आत गेल्यावर सरकारला किती कठीण कसोटीला उतरावं लागतं, हे कुठला कायदा लागू आहे त्यावर ठरतं. नवखे लोक थॉमस वाचून हुरळतात आणि पुढचा हा भाग सोडून देतात.

१८७९ च्या रेनॉल्ड्स खटल्यात मॉर्मन पुरुषाच्या बहुपत्नीत्वाला सूट नाकारताना कोर्टाने श्रद्धा आणि कृती अशी विभागणी केली. तुम्ही म्हणता तीच भीती तिथे होती: प्रत्येकजण स्वतःपुरता कायदा होऊन बसेल. १९६३ च्या शर्बर्ट निकालाने पारडं दुसरीकडे झुकवलं आणि धर्माचरणावर भार पडला तर सरकारने अत्यंत निकडीचं कारण दाखवावं असं ठरलं. मग १९९० चा स्मिथ. ओरेगनमधल्या दोघांनी नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या विधीत पेयोटी (नशा आणणारं निवडुंग) सेवन केलं, नोकरी गेली, बेकारी भत्ता नाकारला गेला. श्रद्धेच्या प्रामाणिकपणावर कुणाचाच आक्षेप नव्हता. तरीही ते हरले. कायदा तटस्थ असेल आणि सर्वांना सारखा लागू असेल, तर धर्मामुळे सूट मिळण्याचा घटनात्मक हक्क नाही, असं कोर्टाने ठरवलं. तो निकाल आजही रद्द झालेला नाही.

काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९९३ मध्ये धर्मस्वातंत्र्य पुनःस्थापना कायदा करून जुनी कसोटी परत आणली: भार लक्षणीय असेल तर सरकारला निकडीचं कारण हवं, आणि त्यासाठी सर्वांत कमी जाचक मार्ग वापरलेला असला पाहिजे. १९९७ च्या बर्नी निकालाने हा कायदा राज्य सरकारांपुरता गेला, फेडरल सरकारपुरता उरला. मग २००० मध्ये काँग्रेसने राज्यांसाठी एक अरुंद कायदा केला. तो तुरुंगासारख्या संस्थांतल्या माणसांना आणि धार्मिक जागांच्या बांधकाम-झोनिंगला लागू आहे. वीसहून अधिक राज्यांनी स्वतःचे असेच कायदे केले आहेत.

त्यामुळे पहिला प्रश्न हा, की समोर कोण आहे? फेडरल खातं असेल तर १९९३ चा कायदा. राज्याचा तुरुंग असेल तर २००० चा. खाजगी मालक असेल तर टायटल सेव्हन. राज्य सरकार, शहर, काउंटी असेल तर आधी राज्याचा स्वतःचा कायदा आहे का ते पाहा. नसेल तर स्मिथला तोंड द्यावं लागतं.

स्मिथला सामोरं जाताना एकच गोष्ट शोधायची: नियमाला असलेले अपवाद. याचं सर्वांत सुबोध उदाहरण तिसऱ्या सर्किटचा १९९९ चा नेवार्क पोलिसांचा निकाल. पोलिसांना दाढी ठेवायला बंदी होती, पण त्वचेच्या त्रासासाठी सूट मिळे. सुन्नी मुस्लिम पोलिसांना मात्र धार्मिक सूट नाकारली गेली. ऐहिक कारणाला सूट आणि धार्मिक कारणाला नकार, म्हणजे नियम सर्वांना सारखा राहिला नाही, शहर हरलं. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये टँडन आणि फुल्टन या दोन निकालांत हाच धागा आणखी घट्ट केला. फुल्टनप्रमाणे अधिकाऱ्याला स्वेच्छेने सूट देण्याचा नुसता अधिकार नियमात लिहिलेला असला, एकालाही सूट दिलेली नसली, तरी निकडीचं कारण दाखवण्याची कठोर कसोटी लागते. म्हणून सरकारी नियमाशी गाठ पडली की आधी त्याचा संपूर्ण लेखी मजकूर आणि सवलतींची यादी मागवा. माझ्या अनुभवात निम्मी केस त्या यादीत असते.

वैयक्तिक श्रद्धेच्या दृष्टीने २०१५ चा होल्ट विरुद्ध हॉब्स पाहण्यासारखा आहे. आर्कान्सातल्या मुस्लिम कैद्याला अर्धा इंच दाढी हवी होती. तुरुंग त्वचाविकारासाठी पाव इंच दाढी चालवून घेत होता. दाढीत वस्तू लपवता येतील हे तुरुंगाचं कारण. पण डोक्यावरचे केस काढायची सक्ती नव्हती आणि तिथे लपवायला जास्त जागा. खालच्या कोर्टाने, सगळेच मुस्लिम दाढी सक्तीची मानत नाहीत, हेही विचारात घेतलं होतं. सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की संरक्षण पंथातल्या सर्वांना मान्य असलेल्या श्रद्धेपुरतं मर्यादित नाही. हाच थॉमस, ३४ वर्षांनी.

जिथे काहीच चालत नाही असा एक प्रांत मात्र आहे: सरकारचा स्वतःचा अंतर्गत कारभार. १९८६ च्या बोवेन विरुद्ध रॉय खटल्यात एका नेटिव्ह अमेरिकन बापाचं म्हणणं होतं की सोशल सिक्युरिटी क्रमांक वापरल्याने मुलीच्या आत्म्याची शक्ती हिरावली जाईल. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नव्हती. पण सरकारने स्वतःच्या दप्तरात कुठला क्रमांक वापरावा हे नागरिकाच्या श्रद्धेने ठरत नाही, असं कोर्टाने म्हटलं. दोन वर्षांनी, 'लिंग' (Lyng, हे आडनाव) खटल्यात, पवित्र मानलेल्या सरकारी जंगलातून रस्ता काढण्यालाही हाच तर्क लावला गेला. मला हे दोन्ही निकाल अन्यायाचे वाटतात. ज्यांचा धर्म जमिनीशी बांधलेला आहे, त्यांच्या पदरात या सगळ्या भव्य तत्त्वातून फार थोडं पडतं.

---

दुर्वा:

यात नागरिकत्वाच्या शपथेची भर घालते, कारण स्थलांतरितांना तीच प्रत्यक्षात लागते.

नागरिकत्वासाठीच्या एन-४०० अर्जात तीन प्रश्न असतात: कायद्याने सांगितल्यास शस्त्र धरणार का, लष्करात बिगरलढाऊ सेवा करणार का, आणि नागरी देखरेखीखाली राष्ट्रीय महत्त्वाचं काम करणार का. धार्मिक शिकवण आणि श्रद्धेमुळे पहिल्या किंवा पहिल्या दोहोंना नकार असेल तर बदललेली शपथ घेता येते. तिसऱ्याला सूट नाही. इथेही पंथाचं सभासदत्व आवश्यक नाही, पण पुरावा ठोस लागतो आणि विरोध सर्व युद्धांना असावा लागतो. "अमुक युद्ध अन्याय्य आहे" एवढ्यावर चालत नाही; लष्करभरतीबाबत १९७१ च्या गिलेट निकालाने तीच रेषा आखली होती. मुलाखतीत गडबड होते ती इथेच: अर्जावर तिन्हींना 'होय' लिहायचं आणि अधिकाऱ्यासमोर नाही म्हणायचं. आधीच ठरवून अर्जातच नीट लिहावं आणि सोबत निवेदन जोडावं.

"देव मला साहाय्य करो" हे शेवटचे शब्द गाळणं याहून सोपं आहे. त्याबद्दलच्या नियमात धार्मिक शिकवण आणि श्रद्धा यांच्या जोडीला 'किंवा तिचा व्यक्तीने लावलेला अर्थ' असं स्पष्ट म्हटलं आहे, शिवाय सदसद्विवेकाचं इतर कारणही चालतं. शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. मूळ राज्यघटनेतही राष्ट्राध्यक्षाला शपथ किंवा प्रतिज्ञा असा पर्याय आहेच.

पासपोर्टच्या फोटोत धार्मिक कारणासाठी डोकं झाकायचं असेल तर ते पारंपरिक धार्मिक वेषाचा भाग आहे आणि सार्वजनिक ठिकाणी सतत घालता, असं सही केलेलं निवेदन द्यायचं. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, त्यावर सावली नको.

फेडरल इमारतींत कृपाणाचा प्रश्न येतो. कायद्यात अडीच इंचांपेक्षा कमी पात्याच्या खिशातल्या चाकूला सूट आहे. ह्यूस्टनमधल्या एका शीख सरकारी कर्मचारी स्त्रीच्या कृपाणाचं पातं ३ इंचांचं होतं. अर्धा इंच कमी करा म्हटल्यावर तिने नकार दिला आणि प्रकरण पाचव्या सर्किटपर्यंत गेलं. २०१३ मध्ये त्या कोर्टाने तिचा दावा पुन्हा उभा केला. इतर शीख लहान पातं वापरतात का, हा प्रश्न तिथे निर्णायक ठरला नाही.

---

निर्झर:

शेवटचं विचारतो. सभासदत्व लागतंच अशी एखादी जागा आहे का? आणि आपल्याच मंदिराने किंवा चर्चने माणसाला बाहेर काढलं तर ही वैयक्तिक श्रद्धा त्यांच्याविरुद्ध वापरता येते का?

---

उत्तरायण:

अशा जागा आहेत. सोशल सिक्युरिटी करातून सूट हवी असेल तर फॉर्म ४०२९ भरावा लागतो, आणि ती सूट ३१ डिसेंबर १९५० पासून अखंड अस्तित्वात असलेल्या मान्यताप्राप्त पंथाच्या सभासदालाच मिळते. तरतूद आमिशांसारख्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. तसंच १९९४ च्या कायदादुरुस्तीने पेयोटीच्या विधिवत सेवनाला दिलेलं संरक्षण मान्यताप्राप्त जमातींच्या सदस्यांसाठी आहे. स्वतःहून तो मार्ग स्वीकारलेल्या बाहेरच्या माणसाला त्याचा आधार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतांशी नाही. पहिली दुरुस्ती सरकारला बांधते, आणि धार्मिक संस्थेच्या अंतर्गत निर्णयांत ढवळाढवळ करायला तीच कोर्टाला मनाई करते. पुजारी, पाद्री, धर्मशिक्षण देणारे शिक्षक यांच्या बाबतीत २०१२ च्या होझॅना-टेबर आणि २०२० च्या अवर लेडी ऑफ ग्वाडालूप या निकालांनी भेदभावाचे खटलेसुद्धा रोखले आहेत.

---

सह्यकडा:

एक वाट मात्र उघडी आहे. १९७९ च्या जोन्स विरुद्ध वुल्फ निकालाप्रमाणे मालमत्तेचा वाद असेल तर राज्यांची कोर्टं तटस्थ तत्त्वांवर निर्णय देऊ शकतात. म्हणजे जमिनीचे कागद, नोंदणीचे दस्त आणि राज्याचा कायदा पाहायचा, धर्मशास्त्रात शिरायचं नाही. याच रीतीने काही राज्यांतली कोर्टं सभासदत्वाचे, निवडणुकीचे वादही संस्थेच्या बायलॉजवरून, म्हणजे अंतर्गत नियमावलीवरून, हाताळतात. मंदिराची संस्था नोंदवणाऱ्यांनी म्हणून सभासद कोण, मत कुणाला, काढून टाकण्याची नोटीस किती दिवसांची आणि अपील कुणाकडे, हे चार मुद्दे बायलॉजमध्ये साध्या व्यवहारी भाषेत लिहून घ्यावेत. 'निष्ठावान भक्त' किंवा 'संप्रदायाच्या शिकवणीनुसार वागणारा' अशी अट घातलीत, तर त्या माणसाने ती मोडली का हे ठरवायला कोर्ट बसणारच नाही, आणि निर्णय ज्याच्या हातात त्या वेळी विश्वस्त मंडळ असेल त्याचाच राहील.